उंबराखाली चौतीस टक्के

विकीचा फोन उंबराखाली आला की मरायचा.

बिघडायचा नाही, अडकायचा नाही, सरळ मरायचा. स्क्रीनवर चौतीस टक्के चार्ज दिसतोय, कानात अक्षदाचा आवाज आहे, सगळं ठणठणीत. आणि उंबराच्या पहिल्या फांदीखाली पाऊल पडलं की काळोख. उचकीसुद्धा नाही.

आता हा उंबर कुठला? डोंबिवली पश्चिमेला रेतीबंदराच्या पुढे जिथे रिक्षावाले "आगे नहीं जायेगा" म्हणून माणसाला उतरवून टाकतात ना, तिथून खाडीच्या कडेकडेने एक जुना बांध जातो. एका अंगाला तिवरांचं रान, दुसऱ्या अंगाला बंद पडलेली मिठागरं. लांबवर नव्या टॉवरांचे दिवे लागतात, पण ते लांबवरच. बांधावर दिवा नाही की दुकान नाही. भरती लागली की चिखलातून बुडबुडे येतात, खाली कुणीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटत असल्यासारखे. आणि बांधाच्या मध्यावर तो उंबर. वारा नसला तरी त्याची एखादी फांदी हलते आणि फळ पडतं. टप्.

बांध संपला की विकीचं घर.

विकी तसा भित्रा नव्हता हो. ठाण्यात लिफ्ट दुरुस्त करायचा. अठराव्या मजल्यावरून खालच्या काळोखात डोकावून शीळ वाजवणारा माणूस. अक्षदाची ओळखसुद्धा अशीच झाली. नौपाड्यातल्या एका बिल्डिंगमध्ये ती लिफ्टमध्ये अडकली, आणि विकी वरून ओरडला, "मॅडम, घाबरू नका!" तर आतून उत्तर आलं, "मी नाही घाबरलेय. तुमचाच आवाज कापतोय." तेव्हापासून तो कापतोच आहे.

अक्षदा नौपाड्यातच एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दुकानातून निघाली की चालत घरी जाताना विकीला फोन करायची. त्याच वेळी विकी बांधावर पाय ठेवायचा. आधी दिवसभराच्या गप्पा, मग कुणाच्या डोळ्यांचा नंबर किती वाढला ते, मग थोडंसं लाडीगोडीचं. एवढं होईस्तोवर उंबर यायचा. आणि नेमकी तेव्हाच ती मुद्द्यावर यायची.

"ते जाऊ दे. लग्नानंतर आपण राहायचं कुठे, ते सांग. ठाण्यात की तुझ्या गावात?"

"अगं, म्हणजे... त्याचं असंय..."

काळोख.

त्या दिवशीही तसंच झालं. विकी तिन्हीसांजेच्या त्या निळसर उजेडात फोन हलवत उभा राहिला. काळ्या काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. तोंडामागे उंबर दिसला. आणि उंबराच्या ढोलीत काहीतरी वळल्यासारखं दिसलं. त्याने मागे बघितलं नाही. बांधावरून चालत निघाला, मग भरभर निघाला, आणि शेवटचा टप्पा चपला हातात घेऊन.

घरी येऊन फोन चार्जरला लावला तर पठ्ठ्या लगेच जागा! तेहतीस टक्के. भजनाला पेंगणारा म्हातारा ढोसल्यावर "मी कुठं झोपलेलो?" म्हणतो ना, अगदी तसा चेहरा करून. खाली अक्षदाचा मेसेज. 'परत कट केलास.'

"आई शप्पथ, मी कट केलेलं नाय!" विकी फोनकडे बघूनच ओरडला.

ओटीवर हौसाबाई जवळा निवडत बसली होती. ही विकीची आजी. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. डॉक्टरांनी मोबाईल कमी बघा म्हणून सांगितलेलं, म्हणून सूनबाईने, म्हणजे विकीच्या आईने, शालूने, म्हातारीचा चार्जर मसाल्याच्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. दिवसातून एकदा घोटभर चार्ज मिळायचा, औषधासारखा. तो संध्याकाळची मालिका अर्धी होईस्तोवर संपायचा. म्हातारीचा त्यावर फार राग. पण आता काळ्या चष्म्याआडून ती नातवाकडे बघत होती.

"कुठं बंद परला रं?"

"उंबराजवळ. रोज तिथंच पडतो."

हौसाबाईच्या हातातला जवळा सुपात पडला.

"कोनाशी बोलत व्हतास?"

"अक्षदाशी."

"मंग तो धोंडिबाच," ती शांतपणे म्हणाली आणि जवळा परत उचलला.

कोण धोंडिबा? तर मिठागराचा राखण्या. हौसाबाईच्या सासूच्या काळातला. उंबराखाली झोपडी बांधून राहायचा, रात्रभर मिठाची राखण करायचा. त्याचं लग्न ठरलं. मुलगी खाडीपलीकडची. होडीने वऱ्हाड येणार म्हणून तो कंदील घेऊन उंबराखाली उभा. भरती आली, ओहोटी आली, होडी काही आली नाही. कंदिलातलं तेल संपलं आणि धोंडिबाही संपला. तेव्हापासून उंबराखाली कुणी लग्नाचं बोललं की त्याला सोसत नाही.

"आमच्या टायमाला कंदील इझवायचा," हौसाबाई म्हणाली. "मंग हातातल्या ब्याटऱ्या आल्या, तर त्या इझवायला लागला. आता मोबाईल. तो तरी काय करील बिचारा, जमान्यापरमानं चालावा लागतंय."

"आजी, कायपण नको सांगू हां."

"मी कशाला सांगू? तुजा फोनच सांगतंय."

आत शालूच्या हातून पातेलं निसटलं. विकीचा बाप राघो दारात उभा राहून ऐकत होता. गळ्यात ही जाड चेन, गावात शब्दाला मान, पण दिवेलागणीनंतर उंबराकडे तोंड करून तो थुंकतही नसे. तो हळूच घरात आला आणि दाराला कडी घातली. उगाच.

दुसऱ्या दिवशी विकीने चुलतभावाला, सम्यकला, पकडलं. सम्यकचं लग्न मागच्या वर्षी झालेलं आणि फोन दिवाळीत घेतलेला, नवाकोरा. दोघं मिळून उंबराखाली उभे राहिले. सम्यकने बायकोला फोन लावला. आवाज तुटत होता, "हॅलो, हॅलो" चाललं होतं, पण फोन जिवंत. भाजी आणायची ठरली, दूध आणायचं ठरलं, सासूबाईंच्या गुडघ्यांचं झालं. शेजारी विकीचा फोन अक्षदाच्या पहिल्या "हं, बोल" ला खलास. छत्तीस टक्क्यांवर.

"तुझी बॅटरी गेली असेल रे," सम्यक म्हणाला.

"गेली कशी? छत्तीस टक्के आहे ना आत!"

सम्यकने दोन्ही फोन उलटेसुलटे करून बघितले. उत्तर हौसाबाईकडे होतं.

"सम्यकचा लगीन झालाय. लगीन झालेल्यांचा बोलना धोंडिबा आयकतच नाय. त्यात आयकन्यासारखा अस्तंय काय?"

हे इतकं पटण्यासारखं होतं की राघोनेही मान हलवली, मग शालूकडे बघून थांबवली.

मग मान द्यायचा ठरला. त्यांच्यात लग्नाआधी गावदेवीला, वेशीला, राखण्याला, सगळ्यांना मान द्यायचाच असतो. तो चुकला की असंच होतं. राघोने आधी नारळ ठेवला. त्या संध्याकाळी विकीचा फोन बेचाळीस टक्के असताना मेला. मग दोन अंडी आणि बाटली ठेवली. सकाळी बाटली गायब. आता ती कुणी नेली ते गावात सगळ्यांना माहीत होतं, पण श्रद्धेच्या गोष्टीत असं नाव घेऊन बोलायचं नसतं. त्या संध्याकाळी विकीने पुरावा म्हणून अक्षदाला व्हिडिओ कॉल लावला, फोनचा टॉर्च पेटवला आणि उंबर दाखवत म्हणाला, "हे बघ, इथेच होतं ते, आता बघ हां..."

अठ्ठेचाळीसवर गेला. अक्षदाला दिसलं असेल तर उंबराचं एखादं पान तेवढं दिसलं असेल.

घरी पोचल्यावर अक्षदाचा मेसेज आलेला होता. मोठा होता आणि त्यात एकही हसरं तोंड नव्हतं. 'मंगळवारी पप्पा तुमच्याकडे साखरपुड्याची तारीख काढायला येणार आहेत. त्याआधी मला उत्तर हवंय. ठाणे किंवा गाव, मी दोन्हीवर बोलायला तयार आहे. पण जो माणूस प्रश्न आला की फोन बंद करतो, त्याच्याशी मी लग्न करणार नाही. पप्पांना मी नका जाऊ म्हणून सांगेन.'

विकी तो मेसेज वाचून तसाच पायरीवर बसला. घरातून फोन करून सांगावं, तर घराला सगळीकडून कान. आणि सांगणार काय? ठाणे म्हटलं तर आजी जेवण सोडणार. "माजा नातू बांध सोरून जानार नाय," असं तिने अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं. गाव म्हटलं तर अक्षदा दुकान सोडणार नाही, आणि तिने का सोडावं? तो खाडीकडे बघत बसला. भरती लागली होती. चिखलातून बुडबुडे येत होते.

हौसाबाई काठी टेकत शेजारी येऊन बसली.

"आपलाच चुकतंय," ती हळूच म्हणाली. "देवाला फूल लागतंय तर फूल देतूं. मारुतीला तेल लागतंय तर तेल. धोंडिबा काय खातंय?"

"काय?"

"चार्ज खातंय ना रं तो! आनि आपन त्याला अंडी देतूं. त्याला चार्ज ठेव."

विकीच्या अंगावर काटा आला. इतकं सोपं होतं, आणि इतके दिवस कुणाला सुचलं नाही!

विकीकडे एक पॉवर बँक होती. जुनी, जाडजूड, विटेसारखी, कंपनीच्या कुठल्याशा दिवाळीत मिळालेली. शालूने ती दिवसभर चार्ज केली. शुक्रवारी दिवेलागणीला केळीच्या पानावर ठेवली, हळदकुंकू लावलं, बटण दाबून बघितलं. चारी दिवे लागले. हात जोडून ती मागे न बघता घरी आली.

शनिवारी सकाळी विकी कामाला जाताना उंबराखाली थांबला. पान दवाने ओलं. पॉवर बँक तिथेच, जागची हललीसुद्धा नाही. त्याने बटण दाबलं.

एकही दिवा लागला नाही.

वर फांदीवर एक वटवाघूळ उलटं लटकून त्याच्याकडे बघत होतं. विकीने बटण परत दाबलं, परत दाबलं. मग पॉवर बँक पानात गुंडाळून दोन्ही हातांनी घरी आणून आईच्या हवाली केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला लिफ्टच्या भोकात उतरताना घाम फुटला.

शनिवारी परत ठेवली. रविवारी सकाळी परत रिकामी.

"ग्वाड लागतंय त्याला," हौसाबाई म्हणाली. मुद्रा एकदम तृप्त, जणू तिनेच ढेकर दिला.

रविवारी राघोच्या बहिणीकडे, शहाडला, सत्यनारायण होता. विकीने आजीला तिकडे नेऊन सोडलं. ती एक रात्र तिथे राहणार होती. "मी नाय म्हनून धोंडिबाचा मान चुकवू नको," असं जाताना बजावून गेली. तिथून विकी तडक नौपाड्यात. अक्षदा दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभी होती.

"बोल."

विकी बोलला. सगळं. धोंडिबा, होडी, कंदील, अंडी, पॉवर बँक. बोलता बोलता त्याचा आवाज कापायला लागला. अक्षदा ऐकत होती. तिचं तोंड आधी लाल झालं, मग ओठ गच्च मिटले, मग खांदे हलायला लागले.

"हसतेस काय? खरंच पितो तो!"

"फोन दे इकडे."

तिने फोन घेतला, सेटिंगमध्ये खोल कुठेतरी गेली, आणि त्याच्यासमोर धरला. तिथे लिहिलेलं होतं, बॅटरीची कमाल क्षमता एकाहत्तर टक्के.

"बघ, एकाहत्तर टक्के आहे की! भरपूर आहे," विकी म्हणाला.

"परीक्षेचे मार्क नाहीत ते!" असं म्हणून अक्षदा त्याला ओढत टेंभी नाक्याजवळच्या कमलेशच्या दुकानात घेऊन गेली. कमलेश मोबाईल उघडता उघडता तोंडाचा पट्टा चालू ठेवणारा. त्याने मागचं झाकण काढलं आणि "अरे देवा" म्हणाला. बॅटरी अनारशासारखी फुगली होती.

"चार्जिंग कसं करतो, साहेब?"

"रात्री लावतो. उशीखाली ठेवून. सकाळी काढतो."

"उशीखाली? का, अंडं आहे का, उबवताय?" कमलेश म्हणाला. "चार्जिंगला लावून पिक्चर बघता?"

"रोज."

"आणि दिवसभर?"

"लिफ्टच्या मशीनरूममध्ये असतो फोन. वर, गच्चीवर."

"म्हणजे दिवसा तापवायचा, रात्री उबवायचा. आता ऐका. नवीन बॅटरी म्हणजे मोठा माठ. वापरता वापरता माठ लहान होतो, रोज जरासा, कळतसुद्धा नाही. वरचा आकडा माठ किती भरलाय ते सांगतो. माठ केवढा उरलाय ते नाही सांगत."

माठावरून विकीला दुसरंच काहीतरी आठवलं. मिठागराचा वाफा. लहानपणी बघितलेला. दर भरतीला थोडा गाळ येतो, बसतो. वरून बघाल तर पाणी काठोकाठ, आभाळ दिसतं त्यात. पाय घातला तर घोटाभर.

"पण मग उंबराखालीच का?" त्याने विचारलं.

"तिकडे नेटवर्क येतं?"

"जवळजवळ नाहीच."

"मग! फोन टॉवर शोधायला जीव खाऊन जोर लावतो. त्यात थंडीचे दिवस, त्यात कॉल चालू. म्हाताऱ्याला जिना चढायला लावला तर दमून बसणारच की. नव्या फोनला नाही काही होत."

नवी बॅटरी बसली. अक्षदाने फोन त्याच्या हातात ठेवला, पण लगेच सोडला नाही.

"आत्ता उत्तर नको. आत्ता तू मला बघून काहीही बोलशील. उद्या संध्याकाळी नेहमीच्या वेळी फोन करीन, तेव्हा सांग. आणि उद्याही बंद पडला ना विकी, तर तो धोंडिबा नसेल. तो तू असशील."

रविवारी तिन्हीसांजेला विकी बांधावरून घरी आला. उंबराखाली मुद्दाम थांबून त्याने सम्यकला फोन लावला. फोन जिवंत. विकीला इतका आनंद झाला की त्याने उंबराला हात जोडले. मग ओशाळून खाली घेतले. शालूने पॉवर बँक आणून ठेवली होती. चारी दिवे लागत होते, त्याने स्वतः बघितले. आता काय गरज, असं त्याला वाटलं. पण आजीला शब्द दिलेला. असू दे म्हणाला.

सोमवारी सकाळी त्याने सहज बटण दाबलं. एकही दिवा नाही.

आता विकीला बॅटरी कळली होती, माठ कळला होता, गाळ कळला होता. पण पॉवर बँकेला तर कुणी फोन लावलेला नव्हता, नेटवर्क शोधायला लावलं नव्हतं. ती नुसती पानावर बसली होती. मग प्याली कुणी?

दिवसभर त्याने तो विचार बाजूला ठेवला. दुपारी राघो शहाडला जाऊन आजीला घेऊन आला. आणि संध्याकाळी विकी बांधाच्या तोंडाशी उतरला.

त्या संध्याकाळी धुकं होतं. टॉवरांचे दिवे दिसत नव्हते. तिवरं काळी पडली होती आणि पलीकडे खाडी आहे हे फक्त वासावरून कळत होतं. फोन वाजला.

"किती टक्के?" अक्षदाने पहिलाच प्रश्न विचारला.

"ब्याण्णव."

"छान. मग आज डोळ्यांचे नंबर वगैरे काही नाही. कुठे पोचलास?"

"उंबर आला."

"मग सांग. कुठे राहायचं?"

विकीने फोनकडे बघितलं. ब्याण्णव टक्के. थांबला. वाट बघितली. ब्याण्णव टक्के.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इतके दिवस त्याला कुणी छळत नव्हतं. वाचवत होतं. रोज संध्याकाळी नेमक्या त्या प्रश्नाला कुणीतरी मायेने त्याच्या तोंडावर पांघरूण घालत होतं. आता बॅटरी नवी, माठ मोठा, आणि तो उघडा पडला होता.

"विकी? मी ऐकतेय."

त्याने वर बघितलं, उंबराच्या काळ्या फांद्यांत, आणि फोनवर हात ठेवून अगदी मनापासून कुजबुजला, "धोंडिबा, आजच्या दिवस घे ना रे. फुल्ल आहे."

टप्. एक फळ पडलं.

आणि उंबराच्या खोडामागून एक तोंड वर आलं.

नुसतं तोंड. खाली धड नाही. निळंपांढरं, सुरकुतलेलं, खालून उजळलेलं, आणि डोळ्यांच्या जागी दोन मोठी काळी भोकं. ते तोंड हवेत तरंगत विकीकडे वळलं.

विकी जे ओरडला ते म्हणे नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी ऐकलं आणि दोघांनी गाड्या वळवल्या. फोन हातातून उडाला, बांधावर पडला आणि स्पीकर चालू झाला.

"विकी! विकी, काय झालं?" फोन चिखलातून ओरडत होता. "पडलास का? अरे बोल ना!"

तोंडाने वाकून फोन उचलला.

"पडला नाय बाय," तोंड म्हणालं. "फकस्त घाबरला. मी आजी बोलतंय."

काळा चष्मा, काळी शाल, आणि हातात स्वतःचा मोबाईल उजेडाला धरलेला. त्याच्यातून निघालेली वायर पॉवर बँकेत. विकी बांधावर बसूनच होता. हळूहळू त्याला वायर दिसली.

"आजी, तुम्ही तिथे काय करताय?" अक्षदाने विचारलं.

"दिवा लावाला आले उंबराला."

"मोबाईलचा?"

हौसाबाईने वायर शालीखाली सारली. तिकडून हसायचा आवाज आला. मोठ्याने नाही, पण बराच वेळ.

"म्हणजे तू!" विकीला आता कंठ फुटला. "चार्ज खातो म्हणे! रोज पहाटे फुलं काढायला म्हणून बांधावर येतेस, ती हे प्यायला होय!"

"मंग काय करू? तुज्या आयशीनं माजा चार्जर कोंडलाय. आज तिकरं मालिकेत लगीन हाय, आनि माज्या फोनात तीन टक्के!"

"आजी," अक्षदा म्हणाली, "विकी काही सांगत नाही. तुम्हीच सांगा. आम्ही कुठे राहायचं?"

"इथंच," हौसाबाई ठणकावून म्हणाली. तीन टक्के उरले तरी तिचा आवाज शंभर टक्के होता. "यवरा मोठा घर हाय. बांध हाय, खारी हाय. माजा नातू कुठं जानार नाय."

विकी उठला. पँट झटकली. भीती गेली होती आणि तिच्या जागी राग आला होता, आणि रागात माणसाला बरं बोलता येतं.

"नाय आजी. अक्षदा, ऐक. ठाण्यात राहायचं. तुझं दुकान तिथे, माझ्या लिफ्ट तिथे. मी हे पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. आणि तू, आजी, धोंडिबाच्या धाकाने हे बोलणंच अडवून मला इथे ठेवायला बघत होतीस ना? शुक्रवारी प्यालीस, शनिवारी प्यालीस, रविवारची पण सोडली नाहीस!"

"रविवारची?" हौसाबाई म्हणाली.

"हो, आज सकाळी रिकामी होती."

"रविवारी मी शहारला व्हते रं. तूच नाय का सोरलास?"

दोघांनी एकदमच पॉवर बँकेकडे बघितलं.

भरती लागली होती. धुक्यात बुडबुडे फुटत होते, एक इथे, एक तिथे, जवळ येत असल्यासारखे.

"आनि आता," हौसाबाई अगदी हळू आवाजात म्हणाली, "शालू ठेवून गेली नाय तोच मी आले. चार दिवे व्हते. मी वायर लावली, आनि..."

तिने पॉवर बँकेचं बटण दाबलं. एकही दिवा नाही. तेवढ्यात तिच्या स्वतःच्या मोबाईलने डोळे मिटले. तीन टक्केही गेले. काळोख झाला. आणि त्या काळोखात, दोघांच्या बरोबर मध्ये, टप्.

"हॅलो?" स्पीकरवर अक्षदा शांतपणे बोलत होती. "अहो, घाबरू नका. पॉवर बँकेतही बॅटरीच असते. ती किती जुनी आहे? तिचाही माठ आटलाच असणार. दिवे चार दाखवते आणि आत काही नसतं. नुसती ठेवली तरी गळून जाते, वायर लावली की लगेच बसते. साधी गोष्ट आहे. आजी? ऐकताय ना?"

"आयकतंय बाय, आयकतंय," हौसाबाई म्हणाली. तिने विकीचा दंड पकडला होता आणि काठी न टेकता घराकडे चालत होती. चालत कसली, विकीलाच तिच्याबरोबर धावावं लागत होतं. आयुष्यभर गावाला भुतं पुरवलेली बाई. एकाही भुताने कधी तिच्याकडे परत येऊन तोंड दाखवलं नव्हतं. "तू बोलतंस त्या बराबर आसंल. जुनी हाय ती. माठ काय, दिवे काय, सगला बराबर."

"हो ना? मग झालं तर."

"झाला, झाला." बांध संपत आला होता. घराचा दिवा दिसला तेव्हा कुठे हौसाबाईने फोन तोंडाजवळ घेतला. मागे वळून मात्र बघितलं नाही.

"अक्षदा बाय, ठान्याला तुमच्याकरं लाईट जात नाय ना?"

"नाही हो आजी, क्वचित."

"मंग उद्या तुजे पप्पा आले का त्यांना इचार," हौसाबाई म्हणाली, "तिकरं घर बगताना तीन मानसांचा बगा."